बॉनेटवरचं झुरळ

जाहिरातीतलं मला सगळं कळतं. हसू नका! चोवीस वर्षं मी एका मोठ्या ऑफिसच्या आवक-जावक विभागात बसतोय. रोज शे-दीडशे पाकिटं माझ्या हाताखालून जातात. माणूस कुठलं पाकीट आधी फोडतो आणि कुठलं न बघताच बाजूला सारतो, हे मी लांबूनच सांगतो. नजरेत काय भरतं याचा एवढा अभ्यास जाहिरात कंपन्यांकडेसुद्धा नसेल. म्हणून बायकोच्या धंद्याची जाहिरात करायची वेळ आली, तेव्हा मी छाती पुढे काढून म्हटलं, "तू अजिबात काळजी करू नकोस. हे माझ्यावर सोड."

"म्हणूनच काळजी वाटते," ती म्हणाली.

आधी बायकोच्या धंद्याबद्दल सांगतो. अठरा वर्षं ती एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होती. काचेच्या बरण्यांतले किडे, बेडूक, साप यांच्यात ती माझ्यापेक्षा जास्त रमायची. मग शाळा दुसऱ्या शाळेत विलीन झाली आणि प्रयोगशाळेला कुलूप लागलं. दुसरं कुणी असतं तर महिनाभर रडत बसलं असतं. ही दोन दिवस बसली. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता म्हणाली, "लोकांना किड्यांची भीती वाटते. मला नाही वाटत. यातून काहीतरी करता येईल."

पेस्ट कंट्रोलचा चार महिन्यांचा कोर्स केला, परीक्षा दिली, परवाना मिळवला. फवारणीचा पंप, मास्क आणि कोपरापर्यंत येणारे हातमोजे आणले आणि स्कूटरला पंप बांधून ती कामाला लागली. लोकांच्या स्वयंपाकघरात शिरून, ओट्याखाली डोकं घालून झुरळांचा निकाल लावायचा! मला तर नुसतं ऐकून शहारे यायचे. खरं सांगायचं तर आमच्या घरात झुरळ दिसलं की मी शांतपणे दुसऱ्या खोलीत जातो आणि दार लावून घेतो. बावीस वर्षांच्या संसारात ते खातं पहिल्यापासून तिच्याकडेच आहे.

पहिल्या दोन महिन्यांत नऊ गिऱ्हाईकं मिळाली. त्यातली पाच नातेवाईक. पण हिने त्या नऊ जणांचीसुद्धा एक जाड वही केली. कुणाच्या स्वयंपाकघरात ओटा कुठे, मोरी कुठे, फटी किती, पुन्हा कधी जायचं, सगळं आकृत्या काढून नीट लिहिलेलं. त्या वहीला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती.

मला राहवेना. एवढी हुशार बाई आणि फक्त नऊ गिऱ्हाईकं? आणि एके दिवशी ऑफिसच्या खिडकीतून खाली बघताना मला युक्ती सुचली. खाली माझी गाडी उभी होती. अकरा वर्षं जुनी, राखाडी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. भर रस्त्यावर, सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत. आठ तास! समोरून हजारो माणसं जातायत आणि गाडी काहीही न करता फुकट उभी!

त्याच संध्याकाळी मी रेडियमवाल्याकडे गेलो. गाड्यांवर नंबर, नावं, चित्रं चिकटवून द्यायची त्याची छोटीशी टपरी आहे. त्याने अल्बम पुढे केला. त्यात सिंह होते, गरुड होते, ज्वाळा होत्या.

"झुरळ नाही?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "आजवर कुणी मागितलं नाही."

मग मी हिच्या जुन्या पुस्तकातली आकृती घरून आणून त्याला दिली. सहा पाय, दोन मिशा, सगळं शास्त्रशुद्ध. ते मोठं करून, उताणं पाडून, पाय वर केलेलं असं अख्ख्या बॉनेटवर घ्यायचं ठरलं. खाली लाल अक्षरात मजकूर, 'एक फोन करा, निवांत झोपा!' आणि फोन नंबर. मजकूर माझाच, वेगळं सांगायला नको.

रेडियमवाला माप घेता घेता म्हणाला, "काका, गाडी घरगुती ना? धंद्याचं लावताय तर विमावाल्यांना एकदा विचारलंत का?"

"स्टिकरला कसला आलाय विमा? स्टिकर काय अपघात करतो?"

"मला काय, मी चिकटवतो. नको झालं तर काढूनही देतो," तो म्हणाला आणि कामाला लागला.

घरी आल्यावर हिला खाली बोलावलं. दोन्ही हात मागे बांधून तिने गाडीला एक चक्कर मारली. पुन्हा समोर येऊन थांबली. वाकून बघितलं.

"पायांवरचे काटे बरोबर आलेत," ती म्हणाली. एवढं कौतुक तिने माझं लग्नातही केलं नव्हतं. मग तिची नजर खाली गेली. "नंबर कुणाचा टाकलाय हा?"

"माझा."

"तुमचा? का?"

"अगं, तू मास्क आणि हातमोजे घालून कामात असतेस. फोन कसा उचलणार?"

"आणि तुम्ही?"

"मी ऑफिसात असतो!"

ती वळून चालायला लागली. वर जाताना जिन्यात एकटीच हसत होती, ते मात्र मी ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून परिणाम दिसायला लागला. सगळ्यात आधी आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी दारात आले. "ती गाडी जरा गेटपासून लांब लावा हो. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटतं, आपल्याच बिल्डिंगमध्ये झुरळं झालीत." ऑफिससमोरच्या हॉटेलवाल्याने तर मला स्वतःच्या हाताने चहा आणून दिला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, चहा रोज पाजतो, पण गाडी माझ्या दारात नको." एका मित्राकडे मी अर्धा तास गेलो होतो, तर त्याच्या शेजाऱ्यांनी पुढे तीन दिवस त्याच्याकडे पाणीसुद्धा प्यायलं नाही!

पण फोन! फोन यायला लागले हो! माझ्या टेबलावर पाकिटांचे गठ्ठे आणि मध्ये खणखणणारा फोन.

"झुरळं फार झालीत," पलीकडून आवाज यायचा.

"किती?" मी पेन उघडून विचारायचो.

"मोजली नाहीत अजून."

"अंदाजे सांगा. दिवसा दिसतात का रात्री?"

"दिवसाही दिसतात."

"मग फार आहेत," मी गंभीरपणे सांगायचो. हे सगळं मला हिनेच शिकवलं होतं. पंधरा दिवसांत मी असा तयार झालो की समोरच्याच्या नुसत्या आवाजावरून ढेकूण की वाळवी हे ओळखायला लागलो. आमचे साहेब एकदा टेबलाजवळ येऊन थांबले, पूर्ण संभाषण ऐकलं आणि म्हणाले, "तुम्ही नक्की आमच्याकडेच नोकरीला आहात ना?" मी म्हटलं, "हो साहेब." म्हणाले, "मग माझ्या घरी शनिवारी पाठवा त्यांना. लाल मुंग्या आहेत."

चार महिन्यांत नऊची साठ गिऱ्हाईकं झाली. हिची वही भरत आली. एका मुलींच्या हॉस्टेलने ऐंशी खोल्यांचं काम देऊ केलं, पण त्यासाठी मोटरवरचं मोठं मशीन हवं होतं. हिने ते बघून ठेवलं होतं, त्यासाठी पैसेही बाजूला काढून ठेवले होते. रोज रात्री जेवताना त्या मशीनचं माहितीपत्रक ताटाशेजारी असायचं. मी तर हवेतच होतो. झुरळाकडे बघून मला आता अभिमान वाटायचा.

आणि मग तो रविवार आला.

मेहुणीकडे जेवायला बोलावलं होतं. तिचा फोन आला तेव्हा ठेवता ठेवता म्हणाली, "ताई, येतेच आहेस तर पंप घेऊन ये ना. सिंकखाली काहीतरी झालंय." स्कूटरवर दोघं आणि पंप कसे बसणार? म्हणून पहिल्यांदाच पंप गाडीच्या डिकीत गेला. पहिल्यांदाच हं! हे लक्षात घ्या. विमावाल्यांनी नाही घेतलं.

मेहुणीचं घर चढावर आहे. ही पंप घेऊन उतरली आणि वर गेली. मी गाडी कडेला घेत होतो तेवढ्यात फोन वाजला. एक बाई होत्या. नव्या सोफ्यात ढेकूण झाले होते आणि त्या अगदी रडकुंडीला आल्या होत्या. आता अशा वेळी माणसाने काय करावं? मी इंजिन बंद केलं, दार लावलं आणि बोलत बोलत निघालो.

"सोफा कापडी आहे की रेक्झिनचा?"

"कापडी."

"शिवणीला काळे ठिपके दिसतात?"

"दिसतात हो! कसं ओळखलंत?"

मी अंगणाच्या पायऱ्या चढत होतो. वर गॅलरीत साडू उभा होता. साडू म्हणजे अतिशय थंड माणूस. घराला आग लागली तरी आधी चष्मा पुसेल. तो खाली बघत म्हणाला, "गाडी कुठे पाठवलीत?"

मी वळून बघितलं. गाडी चालली होती!

हँडब्रेक ओढायचा राहिला होता. गाडीला काही घाई नव्हती. जेवून शतपावलीला निघालेल्या आजोबांसारखी ती उतारावरून निवांत चालली होती. मी कानाला फोन लावून मागे धावलो.

"ताई, एक मिनिट हं, गाडी जातेय!"

"कुठे जाताय तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"मी नाही! गाडी!"

शेजारचं फाटक मागे पडलं, त्याच्या शेजारचंही मागे पडलं. रस्त्यावर सुदैवाने कुणी नव्हतं. गाडी कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापर्यंत गेली आणि हलकेच त्याला टेकली. मोठा आवाजसुद्धा झाला नाही. पण बॉनेट मधोमध दुमडलं आणि आतून वाफ यायला लागली. कुणाला काही लागलं नाही, खांबालासुद्धा ओरखडा नाही. मी तिथेच रस्त्याच्या कडेला बसलो.

साडू सावकाश खाली आला. चष्मा पुसला आणि बॉनेटकडे बघितलं. पत्रा दुमडल्यामुळे उताणं पडलेलं झुरळ मधोमध वाकलं होतं आणि अगदी उठून बसल्यासारखं दिसत होतं.

"हे मेलं होतं ना?" साडूने विचारलं.

फोनमधून अजून आवाज येत होता. "तुमचं उरकलं की सोफ्याचं सांगा."

ते एकसष्टावं गिऱ्हाईक.

ही धावत आली, मास्क अजून गळ्यात. आधी मला खालीवर बघितलं, हात-पाय हलवून बघितले, मग गाडीकडे. रागावली नाही. मी म्हटलं, "काही काळजी करू नकोस. अकरा वर्षं विम्याचा हप्ता एकदाही चुकवला नाही. सगळं भरून मिळेल." गॅरेजवाल्याने सांगितलं की पुढचा सगळा भाग बदलावा लागेल. आकडा ऐकला तर तो बरोबर हिच्या मशीनएवढाच. तरी मी निर्धास्त. विमा आहे ना!

मंगळवारी विमा कंपनीचे सर्व्हेअर आले. हळू बोलणारा, गळ्यात पेन अडकवलेला माणूस. गाडीभोवती फिरून फोटो काढले. मग बॉनेटसमोर उभे राहिले.

"हे काय आहे?"

"झुरळ," मी म्हटलं.

"ते दिसतंय. कुणाचं?"

"आमचंच."

त्यांनी लिहून घेतलं. "अपघाताच्या वेळी गाडी कुठे निघाली होती?"

"कुठेच नाही. मेहुणीकडे उभी होती. घरगुती जेवण."

"डिकीत औषधाचा वास येतोय."

"तो पंपाचा. मेहुणीच्या सिंकखाली थोडं मारायचं होतं. पैसे नाही घेतले हं!"

"काहीच नाही घेतलं?"

माझा स्वभाव हा असा. खोटं बोलता येत नाही. "तिने हिला दोन चादरी दिल्या. पण त्या बहिणीच्या नात्याने."

"मोबदला," ते पुटपुटले आणि लिहिलं. "हँडब्रेक का राहिला?"

"फोन आला होता."

"घरचा?"

"नाही. एक बाई होत्या. त्यांच्या सोफ्यात ढेकूण..."

एवढं बोललो आणि थांबलो. पण उशीर झाला होता. सर्व्हेअरनी पेनाचं टोपण लावलं आणि सांगितलं, अगदी प्रेमाने हं, की पॉलिसी घरगुती वापराची आहे. गाडी धंद्यासाठी वापरली असेल तर क्लेम बसत नाही. शिवाय एवढी मोठी जाहिरात लावली की विमा कंपनीला कळवावं लागतं आणि वाहन कार्यालयाची परवानगीही घ्यावी लागते.

"झुरळाला परवानगी?"

"जाहिरातीला. मग चित्र कशाचंही असो." फाइल बंद करता करता ते म्हणाले, "गाडीचा धंद्याशी काही संबंध नसेल, तर तसं लेखी द्या. दोघांच्या सह्या लागतील. शुक्रवारी ऑफिसला या. पण खरं असेल तरच लिहा."

शेवटचं वाक्य मी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. लेखी म्हटल्यावर माझा हात कुणी धरणार! दोन दिवस ऑफिसात बसून मी तीन मसुदे केले. तिसरा असा उतरला की माझा मलाच अभिमान वाटला. घरी आलो. ही जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून पंपाचं तोंड टाचणीने साफ करत होती. मी कागद पुढे ठेवला आणि वाचून दाखवला.

"आमच्या सौ. कोणताही व्यवसाय करीत नसून त्यांना लहानपणापासून किडे मारण्याची आवड आहे. या आवडीपोटी त्या नातेवाईक व परिचितांकडे अधूनमधून जातात. गाडीवरील झुरळ हे केवळ शोभेचे असून त्याखालील मजकूर हा सर्वसामान्यांना दिलेल्या शुभेच्छा आहेत."

"शोभेचं झुरळ?" ती म्हणाली.

"अगं, कायद्याची भाषा अशीच असते."

तिने कागद ओढून घेतला आणि स्वतः वाचला. हसेल असं मला वाटलं होतं. हसली नाही.

"आवड," ती म्हणाली. टाचणी खाली ठेवली. "अठरा वर्षं शाळेत सगळे म्हणायचे, ती बरण्या धुणारी बाई. मी बरण्या धूत नव्हते. मुलांच्या परीक्षा माझ्या जिवावर व्हायच्या. आता पहिल्यांदा स्वतःचं काही उभं केलं, तर त्याला आवड म्हणायचं?"

"कागदावरच म्हणायचं! क्लेम मिळाला की तुझं मशीन येईल. मी हे सगळं तुझ्यासाठीच करतोय ना!"

"हो, तेही आहे म्हणा," ती म्हणाली. थोडा वेळ माहितीपत्रकावरच्या मशीनकडे बघत राहिली. मग माझ्याच खिशातलं पेन काढलं आणि सही केली. नीट, पूर्ण नावाची, खाली रेघ मारून.

भांडली असती तर बरं झालं असतं. चार भांडी आपटली असती तरी मी निभावून नेलं असतं. ती गपचूप पुन्हा टाचणी घेऊन पंपाच्या तोंडाशी बसली. मला फार वाईट वाटलं, अगदी मनापासून सांगतो. पण कागद झाला होता आणि तयार कागद फाडणं मला आजवर जमलेलं नाही.

शुक्रवारी आम्ही विमा कंपनीच्या ऑफिसात गेलो. तिसरा मजला, टोकन, प्लास्टिकच्या खुर्च्या. सगळ्यांच्या हातात फायली आणि चेहऱ्यावर मी-निर्दोष-आहे असे भाव. आमचा नंबर आला. टेबलामागे साखळीचा चष्मा घातलेल्या मॅडम होत्या. त्यांनी कागद घेतला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. अशा वेळी लोक मनात का वाचत नाहीत कोण जाणे!

"...लहानपणापासून किडे मारण्याची आवड आहे..."

शेजारच्या टेबलावरच्या माणसाने वर बघितलं. मागे खुर्चीवर कुणीतरी खुदकन हसलं. मॅडमनी सगळं वाचलं, चष्मा काढला आणि हिच्याकडे बघून विचारलं, "म्हणजे बाई, तुम्ही धंदा वगैरे काही करत नाही?"

ही खाली फरशीकडे बघत होती. घरी ओट्याखाली डोकं घालणारी, पालीला शेपटीला धरून बाहेर सोडणारी माझी बायको त्या फरशीवरच्या ठिपक्यांकडे बघत होती. तिने ओठ उघडले. आता 'नाही' म्हणणार, हे मला दिसलं.

"करते!" मी ओरडलो.

सगळं ऑफिस वळलं. मॅडम दचकल्या. ही माझ्याकडे बघायला लागली.

"धंदा करते. एकसष्ट गिऱ्हाईकं आहेत," मी म्हटलं. आणि एकदा सुरुवात झाल्यावर मला थांबता येईना. "परवाना आहे तिच्याकडे. परीक्षेत पहिली आली होती. वही आहे, मॅडम! प्रत्येक स्वयंपाकघराची आकृती आहे त्यात! ऐंशी खोल्यांचं हॉस्टेल स्वतःहून आलंय. आमच्या साहेबांच्या घरच्या लाल मुंग्या एका खेपेत गेल्या. तुम्ही साहेबांना फोन करून विचारा!"

"मग हे लिहिलंय ते?" मॅडमनी कागद उचलला.

"खोटं आहे. मी लिहिलंय. झुरळ शोभेचं नाही."

"आणि फोन आला म्हणून हँडब्रेक राहिला, तो फोन?"

"धंद्याचाच."

मॅडमनी चष्मा पुन्हा घातला. "असं खोटं लेखी देणं हा गुन्हा आहे, माहीत आहे ना?"

चोवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या कागदांवर शिक्के मारले, पण माझ्याच कागदापायी मी आत जाईन असं कधी वाटलं नव्हतं. मॅडमनी कागद उलटसुलट केला.

"यावर अजून आमचा शिक्का पडलेला नाही," त्या म्हणाल्या आणि कागद माझ्याकडे सरकवला. "परत घ्या. क्लेम मागे घेतल्याचा अर्ज द्या. एका ओळीचा. तेवढाच लिहा."

मी एका ओळीचा अर्ज लिहिला. आयुष्यातला सगळ्यात छोटा. संपलं. आता गाडीचा खर्च आमच्याच खिशातून जाणार होता, म्हणजे मशीन गेलं. हिच्याकडे बघायची माझी हिंमत होईना.

"मशीन गेलं," मी हळूच म्हटलं.

"गेलं," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी घेऊ. हॉस्टेल हातपंपाने करू. वेळ लागेल एवढंच."

करू? मी दचकलो. 'करेन' नाही, 'करू'? ऐंशी खोल्या आणि मी? पण ती वेळ शंका विचारायची नव्हती. शिवाय तिचा चेहरा आता फरशीकडे नव्हता. खुर्ची पुढे ओढून, दोन्ही कोपरं टेबलावर टेकवून तिने मॅडमना विचारलं, "धंद्यासाठी वापरायच्या गाडीचा विमा कुठे उतरवतात?"

"इथेच. माझ्याकडेच," मॅडम म्हणाल्या. कशा कुणास ठाऊक, त्या पहिल्यांदाच हसल्या. खणातून चार पानी फॉर्म काढला. जाहिरातीच्या परवानगीचा अर्ज कुठे मिळतो, तेही सांगितलं. "धंदा तुमच्या नावावर आहे ना? मग गाडीही तुमच्या नावावर केलीत तर सोपं जाईल."

ही माझ्याकडे वळली. मी काय म्हणणार? मघाशी एवढ्या मोठ्याने ओरडलो होतो. "कर," मी म्हटलं. अकरा वर्षांची माझी गाडी दोन अक्षरांत गेली.

मॅडम एकेक रकाना भरत गेल्या. धंद्याचं नाव. पत्ता. फोन नंबर. तो हिने स्वतःचा दिला.

"गाडी कोण चालवणार?"

"हे," ही म्हणाली.

मॅडमनी मला एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं. अपघाताचे फोटो त्यांच्यासमोरच पडले होते.

"मालकाशी नातं?"

"पती."

"तसं नाही. धंद्यात यांचं काय? भागीदार की नोकर? रिकामं ठेवता येत नाही हे."

आता माझा मान ठेवायची वेळ आली होती. भागीदार म्हणेल, माझी खात्रीच होती. एवढं भर ऑफिसात तिच्यासाठी उभं राहिल्यावर दुसरं काय म्हणणार? मी शर्टाची कॉलर नीट केली. ही विचार करत होती. चांगला मिनिटभर विचार केला तिने.

"नोकर लिहा," ती म्हणाली. "पण कच्चा. सहा महिने काम बघते, मग कायम करायचं की नाही ते ठरवू."

मॅडमनी तसंच लिहिलं. घरी येताना बसमध्ये हिने माझा हात हातात घेतला होता, ते खरं आहे. पण नोकरीबद्दल एक अक्षर काढलं नाही.

त्याला आता चार महिने झाले. हॉस्टेलच्या ऐंशीपैकी पंचावन्न खोल्या झाल्यात. दर रविवारी मी गाडी चालवतो, पंप उचलतो आणि बाईसाहेब सांगतील तिथे उभा राहतो. अजून दोन महिने बाकी आहेत. तोवर मी घरातसुद्धा कशावर वाद घालत नाही.